खिडकी कुठे उघडते?

माझ्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या बाथरूमला खिडकी नाही. एग्झॉस्ट फॅन आहे, तो इमारतीच्या डक्टमध्ये उघडतो. फॅन बंद केला की खालच्या घरातली सिगारेट थेट आमच्याकडे! घरमालकांना सांगितलं तर म्हणाले, "फॅन दिलाय ना?" हे उत्तर मला ओळखीचं वाटलं, कारण सध्या मी ज्याबद्दल वाचतेय तिथेही नेमकं हेच घडलं होतं.

गोष्ट न्यूयॉर्कची. तिथे 1879 साली कायदा झाला: चाळवजा इमारतींमधल्या प्रत्येक खोलीला खिडकी हवी. त्याच सुमारास एका प्लंबिंगविषयक नियतकालिकाने 25 फूट बाय 100 फुटांच्या प्लॉटसाठी आराखड्यांची स्पर्धा घेतली. जेम्स वेअर यांचा आराखडा जिंकला. इमारत मध्यभागी दोन्ही बाजूंनी थोडी आत घेतलेली, म्हणून तिला 'डंबेल' म्हणू लागले. आत घेतलेल्या जागेत एअरशाफ्ट. एका इमारतीच्या वाट्याला त्याची रुंदी साधारण 28 इंच, उंची मात्र पाच-सहा मजले.

कागदावर नियम पाळला गेला. प्रत्यक्षात खालच्या मजल्यांवर उजेड पोचेना. लोक शाफ्टमध्ये कचरा टाकत, वास आणि आवाज घरोघरी फिरत. आग लागली की शाफ्ट धुराड्यासारखा काम करी.

हे चव्हाट्यावर कसं आलं, ते तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. 1900 साली लॉरेन्स व्हेलर यांनी एका ब्लॉकचं पुठ्ठ्याचं मॉडेल प्रदर्शनात मांडलं आणि सोबत आकडे दिले: 39 इमारती, 2,781 माणसं, 264 संडास. त्याच वर्षीच्या आयोगापुढे भाडेकरूंनीही साक्षी दिल्या. 1901 च्या कायद्याने नव्या इमारतींमध्ये अरुंद शाफ्ट बंद झाले. मोठे चौक आणि घरटी संडास सक्तीचे झाले.

आता विचार करा, आपण फक्त 1879 चा कायदा वाचून थांबलो असतो तर? 'सरकारने वायुवीजन सुधारले' असं बिनधास्त लिहून मोकळे झालो असतो. माझ्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य होतंच, गाइडनी त्यावर एवढंच लिहिलं: "खिडकी कुठे उघडते?"

तुमच्या विषयातला एक नियम घ्या. वहीच्या एका पानावर त्यात काय मागितलंय ते लिहा. समोरच्या पानावर त्याचा अनुभव कुणाला आला आणि त्याची नोंद कुठे सापडेल, ते लिहा. समोरचं पान कोरं राहिलं तर अजून निष्कर्ष लिहू नका.

फॅनचंही तसंच आहे. तो जेवढी हवा बाहेर ढकलतो, तेवढी कुठून तरी आत यावी लागते. निदान दाराखाली फट हवी. उलटी हवा अडवायला झडप हवी, आणि डक्ट वर मोकळा हवा. काल गच्चीवर जाऊन पाहिलं. आमचा डक्ट पावसाचं पाणी येऊ नये म्हणून पत्र्याने पूर्ण झाकलाय. सोसायटीला द्यायच्या अर्जात फोटो जोडलाय.