एका ओळीचा शेरा

आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या वस्तीत एक म्हातारे शिपाई होते. आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो. फिट येते म्हणून पलटणीनं घरी धाडलं. मेडिकल बोर्डाचा शेरा एका ओळीचा : रोग नोकरीमुळं नाही. पेन्शन नाही. आबाजी मले म्हनत, "पोरा, भरतीच्या वक्ती छाती मोजली, दात पाह्यले, तवा हा रोग कुठी होता?"

गिरणीची पाळी सुटली की मी याचंच उत्तर शोधायचो.

शेऱ्याविरुद्ध अर्ज ही आपली जुनी लढाई आहे. इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा १८९४ साली पेन्शनर शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. दार कायमचं उघडायला १९४१ ची महार रेजिमेंट यावी लागली.

आबाजींचाच प्रश्न धरमवीरसिंग या शिपायानं कोर्टात नेला. १९८५ त धडधाकट म्हणून भरती, १९९४ त फिटच्या रोगापायी वीस टक्के अपंग ठरवून घरी. २०१३ त सुप्रीम कोर्टानं १९८२ च्या नियमांचा अर्थ सांगितला : भरतीच्या कागदावर रोगाची नोंद नसेल तर तो नोकरीतच लागला असं धरा. नाही म्हणायचं तर बोर्डानं कारण लिहावं. पुरावा शिपायाकडं मागू नका.

आबाजी तोवर गेले होते. अपील केलंच नव्हतं.

दोस्तहो, घरातली पत्र्याची पेटी उघडा. शेऱ्याखाली कारण लिहिलंय का पाहा. नसेल तर अपील करा. तिथं ऐकलं नाही तर २००७ च्या कायद्यानं झालेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. तिथं वारसालाही जाता येतं.