आग्र्याचा धर्मवाद (१८५४) आणि ख्रिस्ती-मुस्लिम संवादाची धर्मशास्त्रीय भूमिका

ख्रिस्ती-मुस्लिम संवादाचा इतिहास बहुधा द्वितीय व्हॅटिकन परिषदेपासून सांगितला जातो. भारताच्या संदर्भात मात्र त्याच्या शतकभर आधीचा आग्र्याचा जाहीर वाद अधिक बोलका आहे. तेथे निरुत्तर झाला तो केवळ एक मिशनरी नव्हे. एक धर्मशास्त्रीय गृहीतकच तेथे कोसळले.

ग्रंथ पुढे ठेवून संवाद आरंभण्याची रीत जुनी होती. इ.स. १५८० मध्ये गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अकबरास बहुभाषी बायबल भेट दिले होते. कार्ल फांडर या जर्मन मिशनऱ्याचा ‘मीजान-उल-हक’ हा ग्रंथ याच वाटेवरचा. खरा ईश्वरी ग्रंथ कोणता हे तर्काच्या कसोट्यांवर ठरविता येते, अशी त्याची मांडणी होती.

१० व ११ एप्रिल १८५४ रोजी आग्र्यात फांडरचा मौलाना रहमतुल्ला कैरानवी व डॉ. वजीर खान यांच्याशी वाद झाला. नस्ख म्हणजे ईश्वरी आदेश रद्द होणे, तहरीफ म्हणजे धर्मग्रंथात फेरफार होणे, त्रैक्य, कुराण आणि पैगंबरांचे प्रेषितत्व असे पाच विषय ठरले होते. चर्चा पहिल्या दोहोंपलीकडे गेलीच नाही. मुस्लिम विद्वानांनी युरोपातील बायबल-चिकित्सकांचेच ग्रंथ पुराव्यादाखल आणले होते. बायबलच्या हस्तलिखितांत पाठभेद आहेत हे फांडरला मान्य करावे लागले. त्यामुळे मूळ सिद्धांतास बाध येत नाही, हा त्याचा खुलासा प्रतिपक्षास पटणे शक्य नव्हते.

प्रस्तुत लेखकाच्या मते फांडरची अडचण माहितीच्या अभावाची नव्हती. ईश्वरी वाणी म्हणजे अक्षरशः अबाधित राहिलेला ग्रंथ, ही कल्पना इस्लाममध्ये कुराणाविषयीच्या श्रद्धेत दृढ आहे. ख्रिस्ती धर्मविचारात देहधारी ‘शब्द’ म्हणजे स्वतः येशू; बायबल ही त्याची साक्ष. फांडरने बायबलला कुराणाच्या जागी बसविले आणि प्रतिपक्षाचेच माप नकळत स्वीकारले.

१८५७ नंतर रहमतुल्ला मक्केस गेले. त्यांचा ‘इजहार-उल-हक’ हा अरबी ग्रंथ पुढे मुस्लिम जगतात प्रमाण मानला गेला. ख्रिस्ती बाजूस बदल सावकाश झाला. १९३० मध्ये लाहोरला स्थापन झालेल्या हेन्री मार्टिन स्कूलमध्ये (ही संस्था नंतर हैदराबादेत आली) बेव्हन जोन्स यांनी खंडनाऐवजी इस्लामच्या सहृदय अभ्यासावर भर दिला, तरी धर्मप्रसाराचा हेतू सोडला नव्हता. केनेथ क्रॅग यांनी १९५६ मध्ये ‘द कॉल ऑफ द मिनरेट’मध्ये अजानचा अर्थ समजून घेण्यापासूनच आरंभ केला.

२८ ऑक्टोबर १९६५ च्या व्हॅटिकन घोषणापत्रात मुस्लिमांच्या एकेश्वरनिष्ठेचा, प्रार्थनेचा व उपवासाचा आदराने उल्लेख आहे. कुराण आणि पैगंबर यांविषयी मात्र मौन आहे. आग्र्यात राहून गेलेल्या तीन विषयांपैकी हेच दोन. पुढे १३ ऑक्टोबर २००७ रोजी १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मनेत्यांस खुले पत्र लिहिले. त्यात ईश्वरप्रेम व शेजारप्रेम यांसाठी कुराणाबरोबर बायबलमधील वचनेही आधार म्हणून घेतली असून तहरीफचा मुद्दा काढलेला नाही.