तहानेने राखलेले रान

१/ साष्टी हे बेट आहे, याचा उपनगरांना केव्हाच विसर पडला. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची, पश्चिमेस समुद्र. उल्हास नदीचे पाणी या दोन्ही खाड्यांत उतरते. या बेटाच्या मध्यावर, बोरिवली आणि मुलुंड यांच्या दरम्यान, सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे रान आहे. महानगराच्या पोटात ते टिकले कसे?

२/ उत्तर पाण्यात आहे. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत ठिकठिकाणी दगडात पाण्याची टाकी कोरलेली दिसतात. त्यांना 'पोढी' म्हणत. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी इथे दाने दिली. पोढी खोदवून देणे हेही पुण्यकर्म होते.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या विहिरी व तलाव अपुरे पडू लागले. १८५६ मध्ये विहारचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये तलाव पूर्ण झाला. साष्टीच्या डोंगरातले पाणी नळाने मुंबईत पोहोचले. १८७९ मध्ये तुळशीची भर पडली.

४/ तलावाचे पाणी शुद्ध राखायचे, तर भोवतालच्या उतारांवर वस्ती वाढू देऊन चालणार नव्हते. झाडे राखली गेली ती प्रामुख्याने शहराच्या तहानेपायी.

५/ स्वातंत्र्यानंतर 'कृष्णगिरी' नावाचे छोटे उद्यान विस्तारत गेले. आधी बोरिवलीचे, मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यान झाले. दहिसर नदीच्या अडवलेल्या पाण्यावर नौकाविहार, 'वनराणी' झुकझुक गाडी, गांधी टेकडी, कान्हेरीची पायवाट: उपनगरांतल्या कित्येक पिढ्यांची पहिली सहल इथलीच.

६/ पण नदी उद्यानाच्या हद्दीत संपत नाही. तुळशीकडून येणारी दहिसर आणि विहार-पवईच्या सांडव्यांतून निघणारी मिठी बाहेर पडताच सांडपाण्याच्या धनी होतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि 'नाला' समजलेली मिठी नदी असल्याचे शहराला कळले.

७/ रान राखण्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. हजारो कुटुंबांची घरे गेली. उद्यानाच्या कितीतरी आधीपासून इथे राहणाऱ्या वारली, कोकणा, मल्हार कोळी यांच्या पाड्यांनाही आपला हक्क सिद्ध करत बसावे लागले.

८/ आज मुंबईचे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा येथून येते. विहार-तुळशीचा वाटा अल्प उरला आहे. ज्या गरजेने हे रान राखले, ती गरज ओसरली. यापुढे ते राखायचे, तर सहलीला येणाऱ्यांनी आणि पाड्यांत राहणाऱ्यांनी मिळूनच राखावे लागेल.