वसईच्या वाडीतील घर
वसई-विरार (जि. पालघर) परिसरातील वाडवळ, सामवेदी आदी बागायतदार कुटुंबांचे जोत्यावरील पारंपरिक कौलारू घर. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी व लाकडी माळा हे त्याचे मुख्य भाग. कुटुंब वाढले की आहे त्याच जागांचा वापर बदलतो. मुलाचे लग्न ठरले की पडवीला भिंत घालून खोली काढतात. भावांची वाटणी झाली की त्याच छपराखाली दुसरी चूल मांडली जाते. शेती आटल्यावर भाताच्या कणग्यांचा माळा अभ्यासाची खोली होतो, तर गोठ्यात दुचाकी उभी राहते. हिंदूंचे देवघर वा ख्रिस्ती कुटुंबाचा अल्तार मात्र सहसा जागचा हलत नाही. २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झालेल्या या भागात शहरीकरणामुळे अशी घरे झपाट्याने कमी होत आहेत.