गंगथडीचा समुद्र

आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. शाळेच्या भूगोलात तो कायम अवर्षणाच्या पट्ट्यात. पण शेवगाव-नेवाशाच्या कडेला, गोदावरीच्या अंगाला कधी आलात तर पावसाळा सरताना पाण्यापलीकडचा काठ दिसत नाही. वारा सुटला की लाटा येतात, दगडावर फेस राहतो. कागदोपत्री त्याचं नाव नाथसागर. आमच्याकडची माणसं सरळ समुद्र म्हणतात. "कुठं चालला?" "समुद्राकडं." म्हणजे जायकवाडीच्या फुगवट्याकडं.

मागच्या दिवाळीत शहरातून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. पाण्यालगतच्या आमच्या तीन एकरांतले वीस गुंठे त्यांना हवे होते. शनिवार-रविवार राहायला घरं बांधायची, समोर सगळं पाणी, सकाळी पाखरं. त्यांनी भाव सांगितला तसा माझा धाकटा हरखला. ते गेल्यावर म्हणाला, "दादा, विकायचं नसलं तर आपणच बांधू. राहायला याच्यापरीस भारी जागा कुठंय?"

थोरली आत्या ओसरीवर वाती वळीत बसली होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "काठावर बांधायचं म्हंतो. काठ कंचा रं त्यो? दाव की मला."

पोराला ते कळलं नाही. मला कळलं, पण सांगायला वेळ लागला. म्हणून हे लिहितोय.

आमच्या भागात गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा, आणि तिच्या दोन्ही अंगांची काळी ती गंगथडी. जुनं गाव या गंगेच्या उंच दरडीवर होतं. पांढरीचा उंचवटा, खाली काळी, मधे उतार. ही जागा आमच्या पंजोबानं निवडलेली नव्हती. ती हजार-दोन हजार वर्षांत माणसांनी पुन्हापुन्हा निवडली होती. पडलेल्या घराची माती तिथंच राहायची, तिच्यावर दुसरं घर चढायचं, असं करत गावच वर वर गेलं. पावसानं दरड कोसळली की खापरं, हाडं, कधी मणी निघायचे. आम्ही पोरं त्या खापरांनी भिंगोरी-ठिकरी खेळायचो.

ते काय होतं हे पुढं नेवाशाबद्दल वाचल्यावर उमगलं. नेवासा प्रवरेच्या काठी. ज्ञानेश्वरी तिथं सांगितली गेली म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९५४ ते ५६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया यांनी तिथल्या टेकाडात उत्खनन केलं, तेव्हा अश्मयुगातल्या हत्यारांपासून मुसलमानी अमलापर्यंतच्या वस्तीचे थर सापडले. त्यातल्या सातवाहन काळाच्या थरात रोमन साम्राज्यातून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे होते. म्हणजे खरा समुद्र ओलांडून आलेला माल घाट चढून आमच्या गंगथडीला उतरत होता. जवळच पैठण, सातवाहनांची राजधानी. ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठणचा माल वीस दिवसांच्या वाटेनं भडोचच्या बंदराला जातो असं लिहिलंय. प्रवरेच्याच काठावर वर दायमाबाद, तिथले काशाचे हत्ती-गेंडे जगभर गाजले. एवढी माणसं एवढ्या काळापासून ज्या काठाला चिकटून राहिली, त्याला काही कारण असणार.

कारण साधं होतं. पाणी जवळ, पण घरात नाही. थोरला पूर आला तर मारुतीच्या खालच्या पायरीला लागायचा. वरच्या पायरीला कधी लागला असं म्हाताऱ्यांनीही ऐकलं नव्हतं. वेशीतून उतरलं की घाट. घाटाच्या वरच्या अंगाला पिण्याचं पाणी, मधे धुणं, खाली जनावरं. त्याच्याही खाली वाळवंट, तिथं दिवाळीनंतर डांगराच्या वाड्या पडायच्या. भोई वाळूत खड्डे करून, शेणखत घालून टरबूज-खरबूज लावायचे. चैत्रात ती डांगरं अख्खं गाव खायचं. पलीकडं जायचं तर गुळाची काहील पाण्यात सोडायची नि तिच्यात बसायचं. माझी आई लग्नानंतर या गावात काहिलीतून आली. काहील गरगर फिरली तशी ती रडायला लागली, असं आत्या अजून सांगते.

जुन्या गावाचं गोड गोड वर्णन करणाऱ्यांतला मी नाही. घाट सगळ्यांचा नव्हता. महारवाड्याचा पाणवठा सगळ्यात खाली होता, जनावरांच्याही खाली, आणि उन्हाळ्यात धार बारीक झाली की तिथं काय पाणी पोचत असेल ते ज्यानं प्यालं त्यालाच माहीत. राहायला चांगली जागा म्हणजे कुणाला चांगली, हे विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मग धरण आलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पैठणला पायाभरणी केली. नावाची गंमत अशी, की जायकवाडी हे गाव खाली बीड जिल्ह्यात. आधी धरण तिथं होणार होतं. जागा बदलली, पैठणला आली, नाव तेवढं जुनंच राहिलं. दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे, शंभर टीएमसीहून जास्त पाणी. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा. आमची घरं त्याच्या आधीच उठली होती.

उठली म्हणजे उचलली. धाब्याची घरं. माती काढायची, तुळया उतरवायच्या, कडीपाट मोजून बांधायचा, दारं चौकटीसकट बैलगाडीत घालायची. आमची सात खणांची वास्तू चार खेपांत गेली. आज्जीनं उखळ सोडलं नाही, तेही नेलं. भिंती तेवढ्या तिथं उभ्या राहिल्या. नवं गावठाण पाच मैल आत, माळावर. चुन्याच्या फक्कीनं आखलेले प्लॉट, दोन हापसे, बाभळीचं एक झाड. हापशाला मात्र सगळे एका रांगेत लागले. ते जुन्या घाटावर कधी घडलं नसतं. प्लॉट वाटताना पुन्हा आळीनुसारच वाटले ही गोष्ट वेगळी.

आता आत्याच्या प्रश्नाकडं येतो. नदीला काठ असतो. धरणाच्या पाण्याला तो नसतो.

नाथसागर भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतो, पण बहुतेक ठिकाणी उथळ. आमच्याकडची जमीन ताटासारखी. पाणी फूटभर उतरलं की काठ कासराभर मागं सरकतो. दहा फूट उतरलं की समुद्र नजरेच्या पार आणि मधे नुसता चिखल. आश्विनात जिथं लाट आपटते तिथून ज्येष्ठात पाणी गाठायला दोन-अडीच मैल चालावं लागतं. त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. एका सालापुरती ती सरकारकडून कसायला मिळते. हरभरा, गहू, टरबूज काय हवं ते येतं, खत लागत नाही. पण तिच्यावर विहीर नाही, झाड नाही, गोठा नाही. पुढच्या साली तुमचा तुकडा पाण्याखाली असेल की वर, ते कुणी सांगावं?

खरा समुद्र मी पहिल्यांदा हर्णैला पाहिला, दापोलीकडं, मास्तरकीच्या शिक्षणाला असताना. संध्याकाळी वाळूत मासळीचा लिलाव चालला होता आणि होड्यांकडून माल आणायला बैलगाड्या चक्क पाण्यात उतरल्या होत्या. आम्हा घाटावरच्यांना बैल समुद्रात बघून हसू आलं. एका कोळीणबाईंना मी विचारलं, "मावशी, पाणी घरात येत नाही का?" त्या म्हणाल्या, "येईल कसा? त्याला तिथी कळते." अमावास्या-पुनवेला उधाण. रोज दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज पाऊण तास पुढं. घर कुठवर आणायचं, होडी कुठं ओढायची, जाळं कुठं वाळवायचं, हे त्या तिथीवरून ठरलेलं. पावसाळ्यात समुद्र बंद, नारळी पौर्णिमेला उघडा. मला आमचा जुना घाट आठवला. तिथंही असंच होतं. पाण्याचं येणं-जाणं माणसांना पाठ होतं, म्हणून वस्ती त्याच्याजवळ निवांत झोपायची.

आमच्या समुद्राला तिथी कळत नाही. तो हुकमावर चालतो. वर नाशकात किती पाऊस पडला, कालव्याला पाळी कधी सुटली, दरवाजे कधी उघडले, त्यावर त्याचं येणं-जाणं. त्यात २००५ चा पाण्याचा कायदा आला, मेंढेगिरी समितीचं सूत्र आलं. पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांहून कमी पाणी असलं तर वरच्या धरणांनी खाली सोडायचं. मग मुळा-भंडारदऱ्याचं पाणी सोडलं की नगरचे शेतकरी रस्त्यावर. आम्ही कुणाच्या बाजूनं बसायचं? जिल्हा नगरचा, आता अहिल्यानगरचा. पाणी मराठवाड्याचं. आणि त्या पाण्याखालची जमीन आमची. लग्नकार्यात राहुरीचे पाव्हणे आम्हाला म्हणतात, "तुमचं बरंय, दाराशी समुद्र." आणि उन्हाळ्यात गावठाणात टँकरची वाट बघत बसलेलो असतो आम्हीच.

भोयांचं मात्र थोडं जमलं. थर्माकोलचे तराफे करून ते पाण्याच्या मागं मागं जातात. पाल हलवतात, जाळं हलवतात. १९८६ मध्ये हे पाखरांचं अभयारण्य झालं. थंडीत रोहित येतात तेही उथळ पाणी जिकडं सरकेल तिकडं सरकतात. या समुद्राजवळ सुखानं राहायचं तर घराला पाय हवेत. आमच्या घराला ते एकदाच फुटले होते, आणि त्याचं दुखणं आज्जी मरेपर्यंत बोलत होती.

२०१६ च्या उन्हाळ्यात धरण पार तळाला गेलं, तेव्हा आत्याला ट्रॅक्टरवर बसवून जुन्या गावात नेलं होतं. मारुतीच्या पायऱ्या दिसत होत्या. भिंतींचे दगड, गाळानं भरलेली आडाची कडा. घाटाच्या दगडांना शिंपले चिकटले होते. आपलं घर तिनं बरोबर ओळखलं. उंबऱ्याच्या जागी उभी राहिली आणि नदीकडं तोंड करून म्हणाली, "हितून गंगा दिसायची. आता कुणीकडं बगू?" चारी बाजूंना भेगाळलेला गाळ होता आणि पाण्याची रेघ लांब, उन्हात हलत होती.

धाकट्याला हे सगळं सांगितलं. तो गप्प झाला, पण पटलं असं नाही. म्हणाला, "मग हद्द कुठं, ते तरी बघू." दोघं गेलो. संपादनाचा दगड वेड्या बाभळीत सापडला. १५२२ फुटांची पाणपातळी तिथवर धरलेली. त्याच्या वर आमची तीन एकर. तो दगडावर उभा राहिला, पाण्याकडं पाहिलं, घर किती मागं घ्यावं लागेल ते पावलांनी मोजलं. त्याचा आकडा आणि माझा आकडा जुळला नाही.

संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. व्यवहाराचं काय ठरलं? पुन्हा जागा बघायला कधी येऊ?

म्हटलं, "ज्येष्ठात या. आणि चपला जुन्या घाला साहेब, चिखल लई असतो."