चकतीपुराण

आमच्या घराण्यात एकाच जन्मात मोक्षाला गेलेली वस्तू कुणी पाहिलेली नाही. धोतराचा पंचा होतो, पंच्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं, आणि पोतेऱ्यातूनही काही शिल्लक राहिलंच तर त्याचा स्टोव्ह पेटवायचा काकडा. आमचे अण्णा शाळामास्तर. शर्टाची कॉलर विरली की ते शिंप्याकडून ती उलटवून घेत, आणि पाठकोरा कागद रद्दीत दिसला तर घरात सुतक पडल्यासारखा चेहरा करीत. असल्या घरात कॉम्प्युटरच्या चकत्या आल्या, त्यांचं पुढे काय झालं, त्याचा हा इतिहास.

आमच्या कचेरीत १९८७ साली कॉम्प्युटर आला. त्याला थंड हवेची खोली मिळाली. साहेबसुद्धा चपला बाहेर काढून आत जात; देवळानंतर हा मान त्यालाच. त्याच्या वापरून बाद झालेल्या चकत्या, म्हणजे फ्लॉप्या, टोपलीत पडू लागल्या आणि टोपलीतून माझ्या पिशवीत. आमच्या रक्तातच ते आहे, त्याला मी काय करणार?

इतिहास म्हटला की वंशावळ आली. आजोबा आठ इंची; आयबीएमच्या घरी १९७१ साली जन्मले. चिरंजीव सव्वापाच इंची. शुगार्ट कंपनीने १९७६ साली आणले. नातू साडेतीन इंची, सोनीचा, १९८१ चा. तिन्ही पिढ्यांचं सोवळं निराळं. आजोबांच्या कडेची खाच उघडी असली तर लिहायला बंदी. चिकटपट्टीने झाकली की परवानगी. चिरंजिवांचं नेमकं उलट. झाकली की बंदी. नातवाने चिकटपट्टीच सोडली आणि खिडकीला सरकतं दार लावून घेतलं. पण त्याचंही दार उघडं असलं की आत यायला मनाई! असं घर जगात दुसरं नसावं.

जुन्याचं नवं करण्याचा पहिला मान मात्र आमच्याकडे नाही, तो अमेरिकेकडे जातो. तिथल्या ॲपल टू आणि कमोडोर ६४ ह्या घरगुती यंत्रांना चकतीची एकच बाजू वाचता येई. दुसऱ्या बाजूलाही बहुधा तोच लेप असे, पण ती बिचारी रिकामी. मग लोकांनी कागदाला भोकं पाडायचा पंच घेतला, आवरणाच्या दुसऱ्या कडेला खाच पाडली आणि चकती उलटी घातली. एका दामात दोन! पुढे नेमकी खाच पाडणारी खास हत्यारंही विकायला आली. कंपन्या बजावत होत्या की बाबांनो, उलटी घातलीत की चकती उलट दिशेने फिरते, अस्तरात अडकलेली धूळ सुटते आणि मजकूर बिघडतो. पण फुकटची बाजू दिसल्यावर कोण ऐकतो?

मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कॉलर उलटवणंच की!" त्या दिवसापासून अमेरिकेबद्दलचं त्यांचं मत बरंच सुधारलं.

माझं स्वतःचं संशोधन पुढच्या पिढीतलं. साडेतीन इंचीत ७२० किलोबाइटची स्वस्त आणि १.४४ मेगाबाइटची महाग, असे दोन वर्ग होते. वरून पाहिलं तर फरक एका भोकाचा. मी सळई तापवली आणि स्वस्त चकतीला ते भोक पाडलं. यंत्र फसलं! आतला चुंबकी लेप निराळा असतो, भोक पाडून तो बदलत नाही, आणि अशी चकती आज ऐकते नि काही दिवसांनी विसरते, हे मला फार उशिरा कळलं.

चकत्यांबरोबर त्यांचा संसारही घरी आला. कोऱ्या लेबलांनी लोणच्याच्या बरण्यांना नावं मिळाली. कागदी लखोट्यांत विजेची बिलं गेली. तपकिरी झाकणाची कुलपाची पेटी आमच्या सौ.ने बदाम-खारकांना दिली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. असल्या कुठल्याही पेटीची किल्ली कुठल्याही पेटीला लागते, हे गुपित मी आजवर फोडलेलं नाही.

मग सीडी आली. पन्नास कोऱ्या सीड्या मधल्या खांबावर ओवलेल्या, वर पारदर्शक झाकण. सीड्या संपल्या, डबा उरला. सीडीचं भोक १५ मिलिमीटरचं, आणि सौ.च्या मेदुवड्याचंही साधारण तेवढंच! पन्नास सीड्यांची उंची सहा सेंटिमीटर. तेवढ्यात वडे तीन. चटणी मात्र वेगळी न्यावी लागे. बाद सीड्या आम्ही कबुतरं पळवायला बाल्कनीत टांगल्या. पहिले दोन दिवस कबुतरं भ्याली, तिसऱ्या दिवसापासून त्यात तोंड बघू लागली.

हे वेड आमचंच नव्हे. लंडनचे निक जेन्ट्री नावाचे चित्रकार जुन्या फ्लॉप्या शेजारीशेजारी मांडून त्यांवर माणसांचे चेहरे रंगवतात. अमेरिकेच्या अण्वस्त्रांची यंत्रणा तर २०१९ पर्यंत आठ इंची आजोबांनाच धरून होती. सोनीने साडेतीन इंची विकणं २०११ सालीच थांबवलं, तरी हे आजोबा कामावर! अण्णा असते तर म्हणाले असते, "चालतंय ना? मग बदलायचं कशाला?"

हे सगळं हसत सांगतोय खरा, पण एक हिशेब राहिलाय.

अण्णांनी सत्तरी उलटल्यावर बालपणाच्या आठवणी लिहिल्या. कोकणातलं गाव, खाडी, तरीतून शाळेला जाणं. अर्थात पाठकोऱ्या कागदांवर. १९९४ साली मी कचेरी सुटल्यावर बसून त्या सव्वापाच इंची चकतीवर उतरवल्या, आणि एक प्रत साडेतीन इंचीवर काढली. टंकन झाल्यावर कागद अण्णांनी स्वतः रद्दीत घातले. "दोन्ही बाजू संपल्या, आता त्यांचा काय उपयोग?"

२४ ऑक्टोबर १९९५. ऐन दिवाळीत सूर्यग्रहण, आमच्याकडे खंडग्रास. फ्लॉपीतल्या काळ्या चकतीतून किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्याकडे बघू नका, अंधारलेलं दिसलं तरी न दिसणारे किरण डोळ्यातला पडदा जाळतात आणि जळताना दुखतही नाही, असं शास्त्रज्ञ कानीकपाळी ओरडत होते. आम्ही ते वाचलं होतं, पण ते इतरांसाठी असावं असं आमचं मत. गच्चीवर पोरांचा गलका झाला. मी खाली धावलो, बाद चकत्यांच्या गठ्ठ्यात हात घातला आणि कात्रीने आवरणं फाडली. अण्णांनीही क्षणभर एक काळी चकती डोळ्यापुढे धरली आणि म्हणाले, "छान दिसतंय रे!" कुणाचे डोळे गेले नाहीत, हे आमचं शहाणपण नव्हे, नशीब.

महिन्याभराने ते म्हणाले, "त्या आठवणी एकदा छापून आण, बघू." मी चकती शोधली. गठ्ठ्याशेजारी तिचं फाडलेलं आवरण सापडलं. लेबलावर अण्णांचंच अक्षर. साडेतीन इंचीची प्रत मी यंत्रात घातली. ती माझ्या भोकाची होती. यंत्राने विचारलं, ही कोरी करू का?

अण्णांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सूर्यनारायणाने वाचलं म्हणायचं. पहिला वाचक तरी मोठा मिळाला." आणि कचेरीतला, कडेला भोकं असलेला पाठकोरा कागद मागून घेतला.

ह्या खेपेला तेवीस पानं झाली. १९९७ च्या पावसाळ्यात हात थांबला तो थांबलाच. तेविसाव्या पानाच्या तळाशी तर खाडीच्या मध्यावर आहे. पलीकडची शाळा आलेली नाही.

ती पानं माझ्याकडे आहेत. ती वाचायला यंत्र लागत नाही, चष्मा लागतो. तोही अण्णांचाच. काचा तेवढ्या बदलून घेतल्यात.