विद्यार्थ्याचा आठवडा



वसईच्या पश्चिमेला समुद्राच्या अंगाने गेलात म्हणजे गिरीज, भुईगाव, निर्मळ अशी गावे लागतात. केळीच्या बागा, भाजीचे वाफे, फुलांच्या वाड्या, आणि पलीकडे सुरूची झाडे व खारा वारा. या भुईगावाकडून येणारी एक विद्यार्थिनी माझ्या पहिल्या तासाला नेहमी दहा मिनिटे उशिरा येत असे. एके दिवशी मी तिला जरा करड्या आवाजातच विचारले, "अगं, रोजच कसा उशीर होतो तुला?" ती खालमानेने म्हणाली, "सर, फुलं उजाडायच्या आत खुडावी लागतात. टोपली दादरच्या गाडीवर गेली, की मगच मला घरातून निघता येतं."

मी गप्प झालो. वर्गाच्या भिंतीवरचे वेळापत्रक मीच आखले होते. पण तिच्या दिवसाचे खरे वेळापत्रक दादरच्या फुलबाजाराने आखले होते, आणि त्याची मला कल्पनाही नव्हती. मी पडलो इतिहासाचा माणूस. तेव्हा मनात आले, की विद्यार्थ्याचा आठवडा आजवर कोणी कोणी आखला, याचा जरा मागोवा घ्यावा. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडच्या जुन्या विद्यार्थ्याला आजच्यासारखा 'आठवडा' नव्हताच. त्याचे गणित पंधरवड्याचे, म्हणजे तिथीचे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. त्या दिवशी नवा पाठ घ्यायचा नाही. पाठशाळेत तर हे होतेच, पण गावठी शाळेतल्या पंतोजींची सुट्टीही तिथीच पाहून मिळे. आकाशातला चंद्र हेच तेव्हाचे वेळापत्रक, आणि ते शेतकऱ्यालाही वाचता येत असे.

सात दिवसांचा शैक्षणिक आठवडा मात्र आपल्या वसईला फार लवकर भेटला. वसईच्या किल्ल्यात गेलात तर जेज्विटांच्या चर्चची उंच दर्शनी भिंत आजही उभी दिसते. त्याला लागूनच त्यांच्या विद्यालयाचे अवशेष आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमदानीत हे विद्यालय चाले. वसईचे संत गोन्सालो गार्सिया लहानपणी याच जेज्विटांपाशी शिकले. आजच्या अर्थाने ते कॉलेज नव्हते, हे खरे. पण या संघाने जगभरच्या आपल्या विद्यालयांसाठी १५९९ साली एक नियमावली काढली, आणि ती पाहिली की आपलेच वेळापत्रक पाहतो आहोत असे वाटते. खालच्या वर्गांना सकाळी अडीच तास, दुपारी अडीच तास. आठवड्यातून एक सुट्टी. आणि शनिवारी काय करायचे? तर आठवडाभरात जे शिकवले त्याची उजळणी. शिक्षक मित्रांनो, ही शनिवारची उजळणी चारशे वर्षांपूर्वीची आहे, आणि आपण ती सोडून दिली आहे!

पुढे १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यानंतर काही दशकांनी इंग्रज आले, आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले दोघे. तेव्हापासून 'टर्म भरणे' हा शब्द मराठीत रुळला. वर्गात हजर राहायचे, टर्म भरायची आणि शेवटी परीक्षेला बसायचे. पण वर्गाबाहेरचा वेळ ज्याचा त्याने सांभाळायचा. टिळकांचेच पाहा. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी तालमीत आणि पोहण्यात घालवले, शरीर कमावले, आणि अभ्यास मागे ठेवला. पुढे त्यांनी तो भरून काढला. परंतु वर्षभराचा वेळ असा बाजूला काढायला घरची थोडी तरी सोय लागते. ज्याच्या घरी संध्याकाळची भाकर सकाळच्या मजुरीवर अवलंबून आहे, त्याने काय करायचे?

इथेच आपल्या विषयाचा खरा गाभा आहे. कॉलेज विद्यार्थ्याला तास देते, पण अभ्यासाला वेळ देते ते घर. आणि घराला तो देता आला नाही, तर कोणीतरी तो मिळवून द्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा इतिहास हा बराचसा असा वेळ मिळवून देणाऱ्यांचा इतिहास आहे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवस मालकाचा असेल, तर रात्र तरी विद्येची असू द्या, असा त्यामागचा सरळ विचार. गिरणी कामगारांना तर आठवड्याची हक्काची सुट्टीसुद्धा नव्हती. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १८९० साली मिळवली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, तेव्हा हे नाव आठवावे.

रमाबाई रानडे यांची हकिकतही याच जातीची. लग्न होऊन त्या घरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना घरी शिकवायला सुरुवात केली, आणि घरातल्याच बायकांनी विरोध केला. बाईने घरकाम करावे, पुस्तक कशाला, असा तो काळ. रमाबाईंनी घरच्या कामातून वाचवलेल्या वेळात शिक्षण केले आणि पुढे स्त्रियांच्या संस्था उभ्या केल्या.

आणि बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर प्रत्येक बापाने मनात जपून ठेवावे असे आहे. परळच्या चाळीत त्यांच्या कुटुंबाला एकच खोली. त्यात माणसे, भांडी, जळण, सगळे काही. मुलाला अभ्यासाला जागाही नाही आणि शांतताही नाही. तेव्हा वडील रामजी सुभेदार यांनी एक युक्ती काढली. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागी आपण आडवे व्हायचे. बापाने आपली झोप मोडून मुलाला वेळ दिला. तो मुलगा १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला, पुढे न्यूयॉर्क आणि लंडनच्या विद्यापीठांत शिकला. १९४६ साली याच माणसाने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग भरू लागले. बापाकडून मिळालेला वेळ त्यांनी हजारोंना परत केला, असेच म्हणावे लागेल.

तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले आणि 'कमवा व शिका' ही पद्धत तिथे रुजवली. आठवड्यात वर्गाचे तास जसे ठरलेले, तसे श्रमाचेही तास ठरलेले. शेतात, बांधकामावर काम करायचे आणि त्यावर शिक्षण करायचे. लक्षात घ्या, भाऊरावांनी श्रम लपवले नाहीत. ते वेळापत्रकात मांडले. माझ्या विद्यार्थिनीचे फुले खुडणे वेळापत्रकात नव्हते, म्हणून मी तिच्यावर रागावलो. असते, तर पहिला तास जरा पुढे ढकलला असता.

आता पुन्हा आपल्या वसईत येऊ. विरारहून मुंबईला लोकल गाडी १८६७ सालीच धावू लागली. तेव्हापासून इथल्या विद्यार्थ्याच्या आठवड्यात एक नवा मालक शिरला, तो म्हणजे आगगाडी. पहाटे गाडी पकडायची, मुंबईत शिकायचे, काळोख पडल्यावर परतायचे. पुढे १९७१ साली वसईतच वर्तक कॉलेज निघाले आणि पुष्कळांची ती दगदग वाचली. विशेषतः मुलींची. कॉलेज जवळ येते तेव्हा केवळ अंतर कमी होत नाही, रोजचे काही तास घरात जमा होतात. तरीही हवा तो विषय जवळ मिळत नाही म्हणून मुंबईची गाडी पकडणारी मुले आजही आहेत.

आजच्या पद्धतीत वर्षाची दोन सत्रे असतात आणि अभ्यास श्रेयांकांत मोजला जातो. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे सगळे मिळून ३० तास धरले आहेत आणि वर्षाचे ४० श्रेयांक. म्हणजे वर्षाला १२०० तास. शिकवण्याचे आठवडे साधारण ३० असतात. तेव्हा भागाकार करा, आठवड्याला ४० तास येतात. यांतले निम्मे वर्गात आणि निम्मे घरी, असे ढोबळमानाने धरू. पालक मंडळी, हे जरा नीट ध्यानात घ्या. "पोरगं कॉलेजातून आलं, आता मोकळंच आहे," असे आपण म्हणतो. ते मोकळे नसते. त्याचे निम्मे काम अजून व्हायचे असते.

आपण सारे हिशेबी माणसे. वहीत जमाखर्च मांडू या. आठवड्याचे तास १६८. झोप रोज ८, म्हणजे ५६. उरले ११२. वर्ग २०, घरचा अभ्यास २०. उरले ७२. भुईगावहून मुंबईला जाणाऱ्याचा बस आणि गाडीत रोज चार तास वेळ गेला, तर सहा दिवसांचे २४. उरले ४८. आंघोळ, जेवण, कपडे यांना रोज तीन तास, म्हणजे २१. उरले २७. वाडीत रोज दोन तास हातभार लावला, तर १४. शिल्लक १३ तास. त्यात खेळ, सणवार, आजारपण, पाहुणा. ओढाताण आहे, पण वही जुळते.

आता याच वहीत वाडीच्या कामाशेजारी स्वयंपाक, पाणी, धाकट्या भावंडांचे पाहणे मांडा. रोजचे दोनाचे चार तास झाले, की आठवड्याचे २८. शिल्लक २७ होती, खर्च २८. वही तुटीत गेली. ही बहुधा मुलीची वही असते. आणि तूट कुठून भरून काढतात? गाडी लवकर पोहोचत नाही, कॉलेजचे तास हलत नाहीत, फुले थांबत नाहीत. मग झोप तरी तुटते नाही तर अभ्यास तरी. परीक्षेत कमी गुण पडले की आपण म्हणतो, डोकेच नाही. खरे म्हणजे डोके असते, वेळ नसतो.

यावर उपाय काय? मोठमोठे उपाय सरकारने आणि विद्यापीठांनी करावेत. पण घरच्या घरी होण्यासारखे दोन-तीन आहेत. एक, मुलाचे किंवा मुलीचे वेळापत्रक घरातल्या भिंतीवर लावा, आणि त्यात वाडीचे कामही लिहा. लिहिले म्हणजे दिसते, आणि दिसले म्हणजे वाटून घेता येते. दोन, बहिणीच्या कामातला एक तास भावाने उचलावा. एवढ्यानेच आठवड्याचे सात तास तिच्या खात्यात पडतात. तीन, अभ्यासाची वेळ एकच ठरवा, रोज तीच. विहिरीवरच्या रहाटाला जशी एकामागून एक गाडगी, तसा रोजचा थोडा थोडा अभ्यास. रहाट एकदम पळवला तर पाणी सांडतेच. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण हे त्यातलेच. आणि शनिवारी, जमेल तेव्हा, आठवड्याची उजळणी.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारा, "तू किती वाजता उठतोस, आणि उठल्यावर काय करतोस?" हजेरीपटात न सापडणाऱ्या पुष्कळ गोष्टी या एका उत्तरात सापडतात. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम योग्यच आहे. मात्र उरलेल्या पंचवीस टक्क्यांत मूल कुठे होते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्या दिवसानंतर मी तिला उशिराबद्दल कधी बोललो नाही. पहिल्या दहा मिनिटांत नवे काही सांगायचे नाही, मागच्या पाठाची उजळणीच घ्यायची, असे मी ठरवले. ती यायच्या वेळेला नवा पाठ सुरू होई. फायदा एकट्या तिचा झाला नाही, साऱ्या वर्गाचा झाला. ती पदवीधर झाली. फुले तिच्या घरची आजही दादरला जातात, पण ती टोपली आता तिचा भाऊ गाडीवर चढवतो.